वाडीच्या सभागृहासाठी मुंबईत शक्ती-तुरा लावायचाय, नाट्यगृह कुठलं धरू? जाणकारांनी सांगा

वाडीचा_सेक्रेटरी
मंडळी, आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. घरं फार नाहीत, पण मुंबई मंडळ मोठं आहे, गावात राहतात त्याहून जास्त माणसं विरारपासून दिव्यापर्यंत पसरलीयत. देवळासमोरचं सभागृह अर्धवट पडलंय, पिलर उभे आहेत नि वर स्लॅब नाही, शिमग्याला पालखी त्याच पिलरांमधनं नाचवतात. तर स्लॅबचे पैसे उभे करायला मुंबईत शक्ती-तुऱ्याचा सामना (दोन शाहिरांची सवाल-जवाबाची लढत, सोबत जाखडी नाच) लावू असं मीटिंगला ठरलं, आणि ठरल्याबरोबर भांडणं सुरू झाली. जुनी मंडळी म्हणतात पूर्ण सामना पाहिजे, गण-गवळणीसकट, सवाल-जवाबासकट. पोरं म्हणतात कोण ऐकतंय पुराणातली कोडी, अर्धा तास शक्ती-तुरा ठेवा, मग नमनातलं थोडं, मग कोळीगीतं, डान्स, असा मिक्स कार्यक्रम करा म्हणजे तिकीट खपेल. मी सेक्रेटरी म्हणून मधल्या मध्ये. त्यात नाट्यगृह कुठलं धरायचं तेही ठरत नाही. ज्यांनी असे कार्यक्रम लावलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा, एका ओळीत "बेस्ट लक भावा" नको 🙏

परळचा_जुना
दामोदर चालू असतं तर तुम्हाला हा धागाच काढावा लागला नसता. २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद केलं ते, आणि तेव्हापासून कोकणातल्या मंडळांची जी फरफट चाललीय ती तुम्ही बघताय. नवीन पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, दामोदर नाट्यगृह १९२२ चं, सोशल सर्व्हिस लीगचं. लीग काढली ना. म. जोशींनी १९११ ला, तेच जोशी ज्यांचं नाव डिलाईल रोडला दिलंय. गिरणी कामगाराला करमणूक नि शिक्षण दोन्ही परवडावं हा हेतू. त्यामुळे कामगारांची नाटकं, नमन, शक्ती-तुरा, दशावतार, डबलबारी भजनं सगळं तिथं. पाळी सुटली की लोक चाळीत तोंड धुवून सरळ थिएटरला. गावकीच्या खोलीत वीस-वीस जण राहायचे, त्यातले नाचणारे वेगळे आणि वाजवणारे वेगळे, तालीम त्याच खोलीबाहेरच्या गॅलरीत. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा-दिव्याला गेली, तरी कार्यक्रमाला परत परळलाच यायची ही गंमत. आता परळला यायला कारणच उरलं नाही.

दिवा_फास्ट
काका इतिहास भारी आहे पण त्याने विचारलंय नाट्यगृह कुठलं 😄

परळचा_जुना
तेच सांगतोय. तुझी माणसं कुठे राहतात त्यावर नाट्यगृह ठरतं. विरार-नालासोपाऱ्याची जास्त असतील तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. दिवा, डोंबिवली, बदलापूर जास्त असतील तर मुलुंडचं कालिदास. दोन्हीकडची सारखी असतील तर पार्ल्याचं दीनानाथ, तिथे आपल्या नमनवाल्यांची वहिवाट आहे. मतदारयादी काढतात तशी मंडळाची यादी काढ आणि स्टेशनवार मोज. गिरगावात साहित्य संघातही आम्ही कितीतरी बाऱ्या ऐकल्या, पण आता गिरगावात आपलं राहतंय कोण.

पडद्यामागचा
मी नाट्यगृहात साउंडचं काम करतो, नाव कुठलं ते सांगत नाही. काही गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगतो.

शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकवाले आधी उचलतात, तुमच्यासारख्यांना उरलेल्यातलं सत्र मिळतं. सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं असतात आणि सत्राची वेळ म्हणजे पडदा उघडल्यापासूनची वेळ नव्हे, तुमची सुमो गेटात शिरली तिथपासून मोजायला लागा. दुपारचं सत्र घेतलंत आणि संध्याकाळी नाटक असेल तर त्यांचा सेटचा टेम्पो बाहेर उभा असतो, त्यांचे लोक विंगेत येऊन घड्याळ दाखवतात. गावाला रात्री दहाला सुरू करून पहाटे कोंबडं आरवेपर्यंत चालणारा प्रकार तुम्हाला तीन-साडेतीन तासांत बसवायचाय हे पहिलं डोक्यात घ्या.

दुसरं, नाच. जाखडीत गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि पोरं भोवती गोल फिरतात. रंगमंचावर तसं केलं तर प्रेक्षकाला अर्धा वेळ पाठी दिसतात आणि बुवा दिसतच नाही. म्हणून हल्ली सगळे वाजवणाऱ्यांना मागे बसवतात, शाहीर माईकला नि पोरं पुढे रांगेत. दिसायला बरं दिसतं पण पायाचा ठेका बिघडतो, कारण पोरांना ढोलकी मागून ऐकू येते. तेव्हा साउंडवाल्याला आधी सांगा की स्टेजवर दोन्ही बाजूंना मॉनिटर लाव आणि त्यात फक्त ढोलकी नि झांज सोड. बेंजो त्यात सोडला की संपलं, बेंजोवाला स्वतःचा आवाज वाढवायला सांगतो, मग शाहीर वाढवायला सांगतो, शेवटी नुसती शिट्टी वाजते. आणि पायातल्या चाळाला माईक लावा राव! पुढच्या कडेला खाली एक माईक ठेवला तरी पुरतो. चाळ ऐकू आले नाहीत तर जाखडी बघण्यात काय मजा आहे, कवायत आहे ती.

वाडीचा_सेक्रेटरी
हे असलंच पाहिजे होतं. चाळाचा माईक लिहून घेतला. मैदानात मंडप टाकून रात्रभर केलं तर? एक जण म्हणतोय नगरसेवक मैदान मिळवून देतो.

पडद्यामागचा
मैदान मिळेल, रात्र मिळणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. बंदिस्त सभागृहाला ती रात्रीची बंदी नाही, म्हणून तर सगळे नाट्यगृहाच्या मागे. मैदानात साडेनऊला पोलीस येऊन उभा राहतो नि शाहीर ऐन रंगात आलेला असतो, बघवत नाही.

पेटीवाले_बुवा
सेक्रेटरीनू, माझा ऐकशात तर डबलबारी लावा. दोन बुवा, दोन पखवाज, झांजवाले आणि कोरस, झाला काम. ना नाच, ना ड्रेस, ना मेकअप. खर्च अर्धो. बुवान पेटी धरल्यान आणि रूपाचो अभंग सुरू केल्यान की माणूस जाग्यावरसून हलणा नाय. आमच्या सिंधुदुर्गात काय चलता ता बघा, मुंबयत पण हाऊसफुल्ल जाता.

वाडीचा_सेक्रेटरी
बुवा, डबलबारी आवडतेच, पण आमचे संगमेश्वरचे लोक म्हणतील की स्लॅब आमचा नि खेळ मालवणचा 😂

पेटीवाले_बुवा
देव तर एकच मा? बरा, रवांदे. पण एक सांगतंय, गवळणीक वेळ कमी करू नका. लोक गवळण घेवक येतत.

लांज्याची_सून
इथे सगळे पुरुषच बोलतायत म्हणून लिहिते. तिकिटं कोण खपवतं? आमच्या मंडळात दरवर्षी बायका खपवतात. पुरुष पाच तिकिटं खिशात घालून फिरतात आणि आदल्या रात्री परत आणून देतात. आम्ही बचत गटाच्या मीटिंगला, हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर तिकीट विकतो आणि नंतर स्टेजवर सत्कार होतो अध्यक्षांचा.

तर सेक्रेटरीसाहेब, तीन गोष्टी. रात्रीचं सत्र घेऊ नका, विरारला मुलाबाळांना घेऊन बारा वाजता पोचणं म्हणजे काय ते बायकांना विचारा. दुपारी एकचं घ्या, पण मग घरनं सकाळी निघावं लागतं म्हणून जेवण करून येणार नाहीत, मध्यंतरात वडापावऐवजी काहीतरी पोटभर ठेवा, आमच्याकडे बायकांनी घावणे-चटणीचा स्टॉल लावला तर त्याचे पैसे चांगले आले (नाट्यगृहात बाहेरचं खायला परवानगी असते की नाही ते आधी विचारा, काही ठिकाणी कँटीनवाला भांडतो). आणि तिसरं, महिलांची एक बारी ठेवा. आता महिलांचं नमन सगळीकडे होतं, गवळणीत राधा खरोखरची बाई असते, आणि गवळणीतल्या विनोदी मावशीचं काम तर बायका पुरुषांपेक्षा फर्मास करतात. जाखडीतही मुली नाचतात. पण आमच्याकडे अजून "परंपरा आहे" म्हणून नाक मुरडणारे आहेत. परंपरा एवढी आहे तर मग बेंजो कुठल्या परंपरेत बसतो ते सांगा.

परळचा_जुना
बेंजोवर बोट ठेवलंत ते बरं केलंत 👏

कोडं_सोडवा
आता मी बोलतो. मिक्स कार्यक्रमाच्या मी साफ विरुद्ध आहे आणि का ते सांगतो, लांबेल.

शक्ती-तुरा म्हणजे भांडण आहे. शक्तीवाले म्हणणार माया मोठी, पार्वती मोठी, तुरेवाले म्हणणार शिव मोठा. हे भांडण भेदिक शाहिरीपासून चालत आलंय, घाटावर त्याला कलगी-तुरा म्हणतात, कलगी म्हणजे आपली शक्ती. कोकणात त्याला जाखडीचा नाच मिळाला. म्हणजे नाच नंतर, भांडण आधी! भांडण काढून टाकलंत तर खाली उरतं ते स्नेहसंमेलन.

आणि "कोण ऐकतंय पुराणातली कोडी" म्हणणाऱ्यांनी चांगला सामना ऐकलेलाच नाही. मी ऐकलेलं एक सांगतो, शब्द माझे आहेत, मुद्दा त्यांचा. तुरेवाल्याने सवाल टाकला की दोघेजण आईच्या पोटी न येता जन्मले, एकाने समुद्र पिऊन टाकला, दुसऱ्याने पांडवांना बाण धरायला शिकवलं, नावं सांग. आता अगस्ती आणि द्रोण हे नाव तर मागच्या रांगेतला पोरगाही सांगेल, एक घड्यात जन्मला, एक द्रोणात. नावं सांगून शाहीर मोकळा झाला असता. पण सवालाची मेख पुढे होती. तुरेवाला म्हणाला, दोघे आईविना झाले, मग तुझी शक्ती तेव्हा कुठे गेली होती? सभागृहात एकदम टाळ्या, शिट्ट्या, तुऱ्याची पोरं उड्या मारतायत. शक्तीवाला शांत उभा. ढोलकीवाल्याला हाताने थांबवलंन, पाणी प्यायला, आणि चालीत विचारलंन, बुवा, घडा कशाचा होता? मातीचा. माती कुणाची? धरतीची. आणि धरतीला तू सकाळी उठल्यावर काय म्हणतोस, बाप म्हणतोस का आई?

बस्स. त्यानंतर नाट्यगृहात जो गोंधळ झाला तो कुठल्या कोळीगीताला होईल का सांगा. माझ्या शेजारी बसलेले आजोबा तुऱ्याचे होते, तेसुद्धा मान हलवत "दिलान रे दिलान" म्हणत होते. हे आधी ठरवून होत नाही. शाहीर वही घेऊन येतो खरा, पण जवाब तिथेच बांधावा लागतो, त्याच चालीत, समोरचा दम खातोय तेवढ्यात.

दिवा_फास्ट
कोडं_सोडवा भाऊ, किस्सा कडक, पण असे शाहीर किती आहेत? मी पण जाखडीत नाचतो. अर्ध्या सामन्यांत सवाल-जवाबाच्या नावाखाली नुसती एकमेकांच्या दिसण्यावरनं, काळा-गोरा, टकला, असली टिंगल असते आणि लोक त्यालाच हसतात. बायका घेऊन बसलेल्या माणसाला मान खाली घालावी लागते असं पण ऐकलंय स्टेजवरनं. आणि फिल्मी चालींना नावं ठेवता, पण आमच्या ग्रुपमधली पोरं आलीच मुळात चाली ऐकून. हिट गाण्याच्या चालीवर गण बांधला तर तो रील होतो, रील बघून दुसऱ्या वाडीतला पोरगा विचारतो मला पण शिकायचंय. जुन्या चाली कोण शिकवणार, शिकवणारे गावाला आणि आम्ही दिव्याला. यूट्यूब चॅनलवाल्यांमुळे गावातल्या आजीला पण नातवाचा नाच दिसतो.

कोडं_सोडवा
टिंगलीबद्दल शंभर टक्के सहमत. त्यावर उपाय आहे, सुपारी देतानाच दोन्ही शाहिरांना सांगायचं की अंगावर जायचं नाही, घरच्यांवर जायचं नाही, विषयावर राहायचं. कागदावर लिहून सही घ्या, मानधनाचा दुसरा हप्ता कार्यक्रमानंतर. चालीबद्दल माझं म्हणणं एवढंच की गण फिल्मी चालीत घ्या, हरकत नाही, पण सवाल घेऊ नका. गाणं ओळखीचं असलं की लोक मनातल्या मनात मूळ शब्द म्हणतात आणि तुमचा सवाल वाया जातो.

दिवा_फास्ट
हे पटलं. गण फिल्मी, सवाल जुन्या चालीत. सही करतो 😄

हिशेबनीस
पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून.

१. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. तुम्ही ३०० च्या वर जाणार नाही असं धरतो, तेव्हा ती काळजी सोडा.
२. मंडळ नोंदणीकृत आहे का? नसेल तर देणग्या गोळा करायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडे परवानगीचा अर्ज करा, गणपती मंडळं वर्गणीसाठी करतात तोच, कलम ४१ क चा. "आपल्याच माणसांकडून तर घेतोय" हे उत्तर तिथे चालत नाही.
३. वगनाट्य ठेवणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित लागते. नाट्यगृहवाले सर्टिफिकेट मागतात.

आणि आता अनुभवाचं. तिकिटातनं फक्त खर्च निघतो हो. नाट्यगृहाचं भाडं, दोन पार्ट्यांचं मानधन, त्यांच्या गाड्या, साउंड, लाईट, जेवण. स्लॅबचे पैसे स्मरणिकेच्या जाहिरातींतनं येतात. वाडीतला जो कोण बिल्डरकडे सुपरवायझर आहे, जो केटरिंगला आहे, ज्याचा मेहुणा टुरिस्ट गाड्या लावतो, त्यांना आत्ताच धरा. कव्हरच्या मागचं पान सगळ्यात आधी विका. आणि फुकट पास! त्यावर अध्यक्षांची आणि खजिनदाराची दोघांची सही ठेवा, नाहीतर पहिल्या चार रांगा फुकट्यांच्या आणि तिकीटवाला बाल्कनीत हे ठरलेलं. कार्यक्रम झाला की आठवड्याच्या आत हिशोब ग्रुपवर टाका, जमा-खर्च दोन्ही बाजू, फोटो काढून. पुढच्या वर्षीची तिकिटं त्या फोटोवर खपतात.

परळचा_जुना
हिशेबनीस साहेबांना एक पुरवणी. बक्षिसं आणि सत्कार. शाहीर सवाल टाकतो, ढोलकी चढते, आणि तेवढ्यात निवेदक माईकवर येऊन "अमुक अमुक यांजकडून पोराच्या वाढदिवसानिमित्त एकशे एक रुपये". एकशे एक रुपयांत त्याने सामन्याची मान मुरगळली की. ते संपतं न संपतं तोच साहेब आले, खेळ थांबवा, शाल, श्रीफळ, दोन शब्द. दोन शब्द कधी दोन असतात? पडद्यामागचा म्हणाला तसा तीन-साडेतीन तासांचा खेळ, त्यातला पाऊण तास शालींत जातो. बक्षिसं मध्यंतरात एकदम वाचा, यादी करून. सत्कार खेळ सुरू व्हायच्या आधी, आणि त्यानंतर येईल तो कितीही मोठा असो, पहिल्या रांगेत खुर्ची, हातात नारळ, संपलं.

लांज्याची_सून
आणि त्या सत्कारात तिकिटं खपवलेल्या बायकांची नावं वाचा. शाल नको, नाव वाचा.

वाडीचा_सेक्रेटरी
सगळ्यांना धन्यवाद, काल मंडळाच्या मीटिंगला हा धागा मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला. स्टेशनवार यादी केली, मध्य रेल्वेची माणसं जास्त निघाली, मुलुंडकडे कल आहे, दुपारचं सत्र मिळतं का बघायला दोघे जण जाणार. पूर्ण सामना ठेवायचा हे ठरलं, गण पोरांच्या चालीत, सवाल जुन्या चालीत. मुलींचा नाच मध्यंतरानंतर लगेच, त्यावर दोन ज्येष्ठ उठून गेले पण चहा आल्यावर परत आले. बक्षिसं मध्यंतरात हे मान्य. सत्काराचं मान्य झालं नाही 😅 अध्यक्ष म्हणाले बघू. शाहिरांची सही कोण घेणार यावर सगळे माझ्याकडे बघतायत.

एकच राहिलं, कोडं_सोडवा भाऊ, तो मातीच्या घड्याचा जवाब देणारा शक्तीवाला कोण, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

कोडं_सोडवा
केला व्यनि. रात्री नऊनंतर फोन करा, दिवसा ड्युटीवर असतात, उचलणार नाहीत. आणि समोर तुरेवाला तेवढ्याच ताकदीचा घ्या, नाहीतर एकतर्फी होतं.

दिवा_फास्ट
सेक्रेटरी, तारीख धरायच्या आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा, मध्य रेल्वेवर रविवारी माटुंगा-मुलुंड धरला तर आमची दिव्याची माणसं गणाला नाही, डायरेक्ट सवालाला पोचतील. आमच्या बिल्डिंगमध्ये दहा तिकिटं खपवतो, पण आणून कोण देणार?

लांज्याची_सून
मी डोंबिवलीला असते, सेक्रेटरींनी माझ्याकडे पाठवा, दिवा स्टेशनला फलाटावर देते. पैसे आधी जीपे करायचे हं.